फ्रान्चेस्का कुत्सोनीचा गळा आणि हँडेलची स्वरलिपी

प्रश्न असा आहे की, अठराव्या शतकातील इटालियन सोप्रानो (सर्वांत उंच स्त्री-आवाजाची गायिका) फ्रान्चेस्का कुत्सोनी हिच्याविषयी कोठेही वाचले तरी तीनच गोष्टी पुढे येतात: संगीतकार हँडेलने तिला खिडकीतून फेकून देण्याची धमकी दिली, रंगमंचावर तिची आणि प्रतिस्पर्धी गायिका फाउस्तिना बोर्दोनीची झोंबाझोंबी झाली, आणि म्हातारपणी तिच्यावर बटणे करून पोट भरण्याची वेळ आली. यांतले खरे किती, आणि ध्वनिमुद्रण नसलेल्या काळातील गायिका खरोखर थोर होती हे आज कशाच्या आधारावर म्हणायचे?

मी स्वतः सोप्रानो आहे आणि अनेक वर्षे बरोक (साधारण 1600 ते 1750) काळातील गायन शिकवते. कुत्सोनीसाठी लिहिल्या गेलेल्या प्रमुख आरियांपैकी (आरिया म्हणजे ऑपेरातील एकल गीत) बहुतेक मी गायल्या आहेत किंवा विद्यार्थिनींकडून बसवून घेतल्या आहेत. म्हणून प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक जवळचा वाटतो आणि त्याचे उत्तर मी आधीच सांगून टाकते. तिच्याविषयीचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे हँडेलची स्वरलिपी. 1723 ते 1728 या काळात हँडेलने लंडनसाठी लिहिलेल्या सलग अकरा ऑपेरांत ती गायली, आणि त्या काळचा संगीतकार समोरच्या गायिकेचा गळा पाहूनच लिहीत असे. तिला काय सहज येते, काय अवघड जाते, श्वास कोठे पुरतो आणि श्रोते कोठे हेलावतात याचा हिशोब त्या पानांवर स्वरास्वराने मांडलेला आहे. किस्से सांगणाऱ्यांना असे काही मोजून द्यावे लागत नव्हते.

तिचा जन्म 2 एप्रिल 1696 रोजी पार्मा येथे झाला. वडील आंजेलो हे व्यावसायिक व्हायोलिनवादक होते, आणि तिचे गायनाचे शिक्षण फ्रान्चेस्को लान्झी यांच्याकडे झाले. 1714 मध्ये पार्मातच ती प्रथम रंगमंचावर आली, पुढे बोलोन्यात गायली, आणि काही वर्षांतच तोस्कानाच्या राजघराण्यातील व्हियोलान्ते बेआत्रिचे हिच्या पदरी खासगी गायिका म्हणून तिचे नाव लागू लागले. 1718 मध्ये व्हेनिसला पोल्लारोलोच्या ‘आरिओदान्ते’ या ऑपेरात ती फाउस्तिना बोर्दोनीच्या बरोबरीने गायली. ही नोंद लक्षात ठेवावी, कारण लंडनच्या भांडणाची गोष्ट सांगताना या दोघी त्याआधीच एका रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या आणि तेव्हा काही आकाश कोसळले नव्हते, हे बहुतेक जण विसरतात.

1722 च्या अगदी अखेरीस ती लंडनला पोहोचली. तिला आणण्यासाठी हार्पसिकॉर्डवादक आणि संगीतकार पिएत्रो जुझेप्पे सान्दोनी यास पाठवण्यात आले होते, आणि याच सुमारास तिचे त्याच्याशी लग्न झाले. लंडनमधील इटालियन ऑपेरा त्या वेळी रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेकडून चालवला जाई. ही सरदार व धनिकांनी भांडवल घालून 1719 मध्ये उभी केलेली कंपनी होती, तिचे खेळ हेमार्केटमधील किंग्ज थिएटरात होत, आणि हँडेल तिचा प्रमुख संगीतकार होता. पुरुष नायकाच्या भूमिकेत सेनेसिनो हा कास्ट्राटो, म्हणजे बालपणी खच्चीकरण करून उंच आवाज टिकवलेला पुरुष गायक, होता. स्त्रीगायिकांत मार्गेरिता दुरास्तान्ती आधीपासून होती. अशा जागी कुत्सोनी दाखल झाली, आणि 12 जानेवारी 1723 रोजी ‘ओत्तोने’ या ऑपेरात तेओफानेच्या भूमिकेत तिने पदार्पण केले.

खिडकीची गोष्ट याच ऑपेराच्या तालमीची आहे. ‘फाल्सा इमाजिने’ ही आपली पहिली आरिया गायला तिने नकार दिला. तेव्हा हँडेल फ्रेंचमध्ये म्हणाला की तुम्ही खऱ्याखुऱ्या सैतानीण आहात हे मला ठाऊक आहे, पण मी सैतानांचा सरदार बेलझेबब आहे हे तुम्हाला दाखवून देईन, आणि तिची कंबर धरून त्याने तिला खिडकीबाहेर टाकण्याची धमकी दिली. ही हकिगत जॉन मेनवेअरिंगने हँडेलच्या चरित्रात दिली आहे. ते चरित्र 1760 मध्ये, म्हणजे हँडेलच्या मृत्यूनंतर एका वर्षाने आणि तालमीनंतर जवळजवळ चार दशकांनी छापले गेले. शब्द जसेच्या तसे असतील असे मी मानत नाही, परंतु तिने नकार दिला असेल हे मला पूर्ण पटते, आणि तिच्या नकारात काही चुकीचे होते असेही मला वाटत नाही.

कारण ही आरिया एकदा पाहावी. हँडेलने ‘ओत्तोने’चा पहिला मसुदा ऑगस्ट 1722 मध्ये पूर्ण केला होता, तेव्हा कुत्सोनी लंडनमध्ये नव्हती. जिच्या येण्याची वर्तमानपत्रांतून चर्चा चालली आहे अशी गायिका प्रथमच नव्या श्रोत्यांसमोर उभी राहणार, आणि तिच्या हाती काय दिले आहे, तर व्हायोलिनांचा आधार नसलेली, फक्त खर्जाच्या साथीवर चालणारी, संथ आणि वरवर पाहता साधी चाल. द्रुत ताना नाहीत, वाद्यवृंदाची झळाळी नाही, टाळ्या घेण्याची ठरलेली जागा नाही. आपला अपमान झाला असे तिला वाटले असेल तर ते स्वाभाविक होते. नाट्यदृष्ट्या मात्र हँडेलचे बरोबर होते. तेओफाने ही बायझंटाइन राजकन्या आहे. ओत्तोनेशी तिचे लग्न ठरले आहे आणि त्याला तिने केवळ चित्रात पाहिले आहे. समोर आलेला माणूस ओत्तोने असल्याचे सोंग घेऊन उभा आहे, आणि त्याचा चेहरा व आपल्याजवळचे चित्र जुळत नाही हे तिच्या लक्षात येते. ‘खोट्या प्रतिमे, तू मला फसवलेस’ असे ती त्या चित्राला उद्देशून म्हणते. परक्या दरबारात एकट्या पडलेल्या मुलीच्या मुखी वाद्यांचा गजर शोभला नसता.

गाणारीच्या दृष्टीने मात्र यासारखी कठीण गोष्ट नाही. व्हायोलिने सोबत असली की ती स्वराला टेकू देतात, किंचित उतरलेला स्वर झाकतात, श्वास घेताना पडलेली फट भरतात. येथे तसे काही नाही. स्वर जरा हलला तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळते. या आरियेनेच तिने लंडन जिंकले असे पुढे इंग्लिश संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नीने लिहिले आहे, आणि दुसऱ्या प्रयोगाची अर्ध्या गिनीची तिकिटे दोन-तीन गिनींना विकली जात असल्याचे त्याच आठवड्यातील एका पत्रात नमूद आहे. मी ही आरिया विद्यार्थिनींना देते तेव्हा त्यांची पहिली प्रतिक्रिया कुत्सोनीसारखीच असते: यात काही करण्यासारखे नाही. दोन आठवड्यांनी त्या परत येतात तेव्हा यात काहीच लपवता येत नाही अशी त्यांची तक्रार असते.

आता तिच्या आवाजाविषयी जाणकारांनी काय लिहिले ते पाहू, कारण ते या पानांशी ताडून बघता येते. बासरीवादक योहान योआखिम क्वान्ट्स याने 1727 च्या वसंतात लंडनमध्ये तिला ऐकले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिचा आवाज अत्यंत गोड आणि स्वच्छ होता, स्वर शुद्ध लागत, कंपस्वर म्हणजे ट्रिल सुंदर होता, आणि आवाजाचा पल्ला मधल्या ‘सी’पासून दोन सप्तकांचा होता. तिचे गाणे निरागस आणि हृदयाला भिडणारे होते. तिच्या द्रुत तानांत फार वेग नव्हता, पण त्या गोल, भरीव आणि एकसंध असत. अभिनय थंड होता आणि शरीरयष्टी रंगमंचाला फारशी अनुकूल नव्हती असेही त्याने लिहून ठेवले आहे. बर्नीने तिच्या स्वर धरून ठेवण्याच्या, तो हळूहळू वाढवून तितकाच हळूहळू कमी करण्याच्या कलेचे वर्णन केले आहे आणि तालाशी ती ज्या नजाकतीने खेळे त्याचाही उल्लेख केला आहे. यालाच इटालियन लोक ‘तेम्पो रुबातो’ म्हणतात: खर्जाची साथ आपल्या लयीने ठामपणे चालत राहते आणि गाणारी तिच्यावर स्वर किंचित मागे किंवा पुढे टाकते, तरी ठरलेल्या जागी बरोबर येऊन मिळते. आपल्याकडे ठायीच्या लयीत बंदिशीचे बोल समेच्या अलीकडे-पलीकडे ठेवणारा गवई ज्याने ऐकला आहे, त्याला यातली अडचण आणि यातला आनंद वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पिएर फ्रान्चेस्को तोसी या जुन्या गायनगुरूचा ग्रंथ 1723 मध्ये बोलोन्यात प्रसिद्ध झाला. त्यात तो दोन गायिकांविषयी नाव न घेता लिहितो. एकीजवळ चपळ तानांचे दैवी सामर्थ्य, दुसरीजवळ करुण, विलंबित गायनाची मोहिनी, आणि या दोघींतले उत्तम एका व्यक्तीत आले तर काय बहार होईल, असे तो म्हणतो. इंग्रजी भाषांतरकाराने तळटीपेत या दोघींची नावे दिली आहेत: पहिली फाउस्तिना, दुसरी कुत्सोनी. दोघींच्या लंडनमधील सामन्याला तेव्हा तोंडही फुटलेले नव्हते, म्हणून ही तुलना मला अधिक निर्मळ वाटते.

हँडेलने हे सर्व किती लवकर ओळखले हे 20 फेब्रुवारी 1724 रोजी प्रथम सादर झालेल्या ‘जुलियो चेझारे’ (ज्युलियस सीझर) या ऑपेरावरून कळते. क्लिओपात्राला त्याने आठ आरिया दिल्या. सुरुवातीला ती थट्टेखोर, चलाख, सत्तेसाठी डाव टाकणारी मुलगी आहे, आणि संकटे येतात तसतशी ती गंभीर होत जाते. हा प्रवास बोलण्यातून कमी आणि गाण्यांच्या जातीतून अधिक दिसतो. दुसऱ्या अंकाच्या आरंभी ती सीझरला भुलवण्यासाठी पर्नासस पर्वताचा देखावा उभा करते, नऊ कलादेवता वाद्ये वाजवतात आणि ती ‘व्हादोरो, पुपिल्ले’ गाते. त्यासाठी हँडेलने रंगमंचावरच हार्प, थिओर्बो आणि व्हिओला दा गाम्बा असलेला वेगळा छोटा वाद्यवृंद बसवला. आरियेचा मधला भाग संपून पहिला भाग परत यायचा त्या क्षणी तो गाणे थांबवतो आणि सीझर उद्गारतो की स्वर्गातील देवराजाजवळही या गाण्याची बरोबरी करील असे संगीत नाही. मगच ती आरिया पुढे जाते. द कापो, म्हणजे पहिला भाग शेवटी पुन्हा गाण्याच्या, आरियेचा ठरलेला साचा संगीतकाराने अशा रीतीने मोडावा आणि नायकाच्या तोंडी नायिकेच्या गळ्याची स्तुती घालावी, हे त्या गळ्यावर विश्वास असल्याखेरीज कोणी करणार नाही, कारण त्या उद्गारानंतर गाणे पडले तर सारे नाटकच हास्यास्पद होईल.

याच ऑपेरातील ‘से पिएता’ आणि ‘पिआन्जेरो’ या दोन आरिया तिच्या गळ्याचे खरे माप देतात. ‘पिआन्जेरो’त कैद झालेली राणी आपल्या दैवावर रडते. चाल संथ आहे, लेखी स्वर कोठेही उंच टोक दाखवण्यासाठी ताणलेले नाहीत, आणि सगळी कसोटी मधल्या पट्ट्यातल्या लांब स्वरांवर आहे. मग एकाएकी मधला भाग द्रुत होतो, मेल्यावर भूत होऊन मी त्या जुलमी भावाला छळीन असे ती म्हणते, आणि येथे तानाही आहेत. त्या ताना गाताना ध्यानात येते की क्वान्ट्सने लिहिले ते अक्षरशः खरे असले पाहिजे. त्या विजेसारख्या सुटत नाहीत, एकेक स्वर पुरता उच्चारता येईल इतकी त्यांना जागा आहे. आणि मग पहिला भाग परत येतो. रागाने धपापलेल्या छातीने पुन्हा तोच शांत, लांब स्वर लावायचा असतो. माझ्या अनुभवात विद्यार्थिनी उंच स्वरांवर अडखळत नाहीत, त्या या परतीवर अडखळतात. ज्या गायिकेसाठी हँडेलने ही परती योजली तिच्या श्वासावरील ताब्याविषयी मला आणखी पुराव्याची गरज वाटत नाही.

तिच्या थंड अभिनयाविषयी क्वान्ट्सने जे म्हटले ते मी नाकारत नाही. तो डोळ्यांनी पाहत होता, आणि ती ठेंगणी, स्थूल आणि चेहऱ्याने रागीट दिसे असे इंग्लिश लेखक हॉरेस वॉलपोलच्या आठवणींतही आले आहे. परंतु 13 फेब्रुवारी 1725 च्या ‘रोदेलिन्दा’कडे पाहिले की त्या शब्दाचा अर्थ तपासून घ्यावासा वाटतो. रोदेलिन्दाचा नवरा मेला असे तिला सांगण्यात आले आहे, सिंहासन बळकावणारा तिच्याशी लग्न करू पाहतो, आणि एका प्रसंगी ती त्याला म्हणते की माझ्या डोळ्यांदेखत माझ्या मुलाला मारलेस तरच मी तुझी होईन. हे बोलणे त्याला अडकवण्यासाठी आहे, आणि ते बोलताना आईच्या आवाजात कंप यावा की येऊ नये हा गाणारीपुढचा प्रश्न असतो. नवऱ्याच्या स्मारकापाशी ती ‘ओम्ब्रे, पिआन्ते’ गाते तेव्हा बासरी तिच्या स्वरांना पडसाद देते, जणू झाडे आणि थडगीच उत्तर देत आहेत. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवरा-बायकोच्या ताटातुटीचे एफ शार्प मायनरमधील युगुलगीत आहे. ते दोन आवाजांसाठी त्याने लिहिलेल्या उत्तम रचनांपैकी आहे असे मी निःसंकोच म्हणेन. हातवारे न करता केवळ स्वराच्या कमी-अधिकपणातून हे सगळे पोहोचवणारी गायिका प्रेक्षागृहातल्या एखाद्या जर्मन वादकाला थंड वाटली असेल. हँडेलला ती तशी वाटली नसावी, नाहीतर एवढ्या ओझ्याची भूमिका त्याने तिच्या खांद्यावर दिली नसती.

लंडनने तिला कसे डोक्यावर घेतले त्याच्या खुणा संगीताबाहेरही आहेत. ‘रोदेलिन्दा’त तिने चांदीच्या कलाबतूची तपकिरी रेशमी वेशभूषा केली होती. वयस्क स्त्रियांनी नाके मुरडली, पण तरुण मुलींनी ती इतकी उचलली की तो तारुण्याचा राष्ट्रीय गणवेशच वाटावा, असे बर्नी लिहितो. गॅलरीतला एक प्रेक्षक तर, हिच्या पोटात बुलबुलांचे घरटे आहे, असे शिवी हासडून ओरडला. 1725 च्या ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली तेव्हा बाळंत होताच तिने ‘ओत्तोने’तले एक गाणे म्हटले, अशी बातमी एका उमराव घरातील स्त्रीने पत्रात दिली आहे. त्याच पत्रात मुलगा न झाल्याने नवरा-बायको हिरमुसले, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी वारसाची हाव धरावी हे अतिच झाले, असा तुच्छतेचा सूरही आहे. टाळ्या देणारा वर्ग तिला आपल्या बरोबरीची कधीच मानत नव्हता हे तिच्या पुढच्या आयुष्याविषयी बोलताना विसरून चालणार नाही.

फाउस्तिना 5 मे 1726 रोजी ‘आलेस्सान्द्रो’मधून लंडनच्या रंगमंचावर आली. हँडेलने दोघींना काटेतोल वाटणी दिली: आरियांचे वजन सारखे आणि दोघींना सेनेसिनोबरोबर एकेक युगुलगीत. कथानकातही सिकंदरावर प्रेम करणाऱ्या दोन स्त्रिया आहेत. म्हणजे स्पर्धा आधी लेखणीने आखली आणि तिकीटबारीवर विकली गेली. श्रोत्यांत दोन तट पडले. पेम्ब्रोकची काउंटेस कुत्सोनीच्या बाजूची, बर्लिंग्टनची काउंटेस फाउस्तिनाच्या. 6 जून 1727 रोजी बोनोन्चिनीच्या ‘आस्तिआनात्ते’च्या प्रयोगात हा वाद उफाळला. त्याच आठवड्यातील वर्तमानपत्र सांगते की एका बाजूने शीळ व फिसकारणे आणि दुसऱ्या बाजूने टाळ्या असे सुरू होऊन प्रकरण मांजरासारख्या किंकाळ्यांवर गेले, आणि राजकन्या कॅरोलाइन हजर असूनही कोणी आवरले नाही. या वृत्तात गोंधळ आहे तो प्रेक्षकांचा. गायिकांनी एकमेकींना हात लावल्याचा त्यात शब्दही नाही. एकमेकींच्या झिंज्या ओढल्याची गोष्ट येते ती त्यानंतर छापल्या गेलेल्या टवाळखोर पत्रकांतून आणि प्रहसनांतून, आणि पुढच्या लेखकांनी ती वृत्त म्हणून उचलली.

पेम्ब्रोकच्या काउंटेसने दरबारातील एका बाईंना लिहिलेले पत्र मात्र अवश्य माहीत असावे. आपल्याला फिसकारून रंगमंचावरून घालवण्याचा बेत आहे हे कुत्सोनीला आधीच कळले होते आणि तिचे गाण्याचे मनच होत नव्हते. तेव्हा काउंटेसने तिला बजावले की काहीही झाले तरी जागा सोडायची नाही, ऐकू गेले नाही तरी गात राहायचे आणि योग्य वेळ आल्याखेरीज आत जायचे नाही. भांडखोर गायिकेची म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट मूळ कागदांत अशी आहे: आरडाओरड्यात कोणालाही ऐकू न येणारे गाणे उभे राहून म्हणत राहिलेली बाई. आणि या दोघींत खरोखर हातघाई झाली असती तर पुढचा संपूर्ण हंगाम त्या एकत्र गायल्या नसत्या. ‘रिकार्दो प्रिमो’, ‘सिरोए’ आणि ‘तोलोमेओ’ या तिन्ही ऑपेरांत, नोव्हेंबर 1727 ते एप्रिल 1728 या काळात, दोघीही आहेत.

1728 च्या उन्हाळ्यात अकॅडमीचे पैसे संपले आणि ती बंद पडली. कुत्सोनी व्हिएन्नाला गेली, दरबारात गायली, पण तिने 24,000 फ्लोरिनची मागणी केल्याने कायमची नेमणूक झाली नाही. मग इटलीतील शहरे झाली. 1734 मध्ये ती लंडनला परतली ती हँडेलच्या विरोधात उभ्या राहिलेल्या सरदारांच्या ऑपेरा कंपनीत. तेथे पोर्पोरा संगीतकार होता आणि सेनेसिनो व त्याच्यासारखाच कास्ट्राटो असलेला फारिनेल्ली हे सहगायक. फारिनेल्लीच्या झंझावातापुढे या वेळी तिच्याकडे पूर्वीसारखे लक्ष गेले नाही, आणि 1736 मध्ये ती निघून गेली. 1740 मध्ये हॅम्बुर्गला गायल्यानंतर ऑपेराच्या रंगमंचावरचे तिचे दिवस संपत आले. पुढच्याच वर्षी लंडनच्या वर्तमानपत्रात तिने नवऱ्याला विष घातले आणि तिचा शिरच्छेद होणार अशी बातमी आली. सान्दोनी 1748 पर्यंत जिवंत होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. 1745 पासून ती श्टुटगार्टला व्युर्टेंबर्गच्या दरबारात होती, आणि 1748 मध्ये कर्जे मागे ठेवून तेथून निघून गेली.

उधळपट्टी हे तिच्या दारिद्र्याचे कारण म्हणून सगळेच सांगतात, आणि ती हात राखून खर्च करणारी नव्हती हे खरे दिसते. पण तिची कमाई हंगामापुरती होती, गळ्यावर अवलंबून होती आणि पन्नाशीपूर्वी संपणारी होती. पेन्शन ही राजाची मर्जी होती. फारिनेल्लीला स्पेनच्या राजदरबारात ती मर्जी लाभली आणि त्याने उत्तरायुष्य बोलोन्याबाहेरच्या आपल्या बंगल्यात ऐषारामात काढले. फाउस्तिनाने हास्से या संगीतकाराशी लग्न केले आणि ड्रेस्डेनच्या दरबारात दोघांनाही स्थैर्य मिळाले. कुत्सोनीचा नवरा तिला आधार देईल अशा स्थितीत नव्हता, आणि शेवटी ते वेगळेही झाले.

1750 मध्ये ती लंडनला परत आली. 30 पौंडांच्या कर्जासाठी तिला अटक झाली आणि प्रिन्स ऑफ वेल्सने जामीन देऊन सोडवले. त्याच मुक्कामातील तिच्या एका मैफलीला तरुण बर्नी हजर होता. त्याने लिहिले आहे की आवाजाचा केवळ धागा उरला होता. 1751 च्या मे महिन्यात तिने वर्तमानपत्रात निवेदन दिले. त्यात ती म्हणते की इथल्या थोरामोठ्यांचे उपकार मी जाणते, निव्वळ नाइलाज आणि देणेकऱ्यांना न्याय देण्याची इच्छा नसती तर पुन्हा त्रास दिला नसता, परंतु इंग्लंड सोडण्यापूर्वी थोडी कर्जे आहेत ती फेडण्यासाठी जे करता येईल ते करावे असे मनात आहे. 23 मे रोजी ती मैफल झाली. त्यानंतर ती इटलीला गेली. बोलोन्यात रेशमी बटणे करून ती पोट भरत असे हे परंपरेने सांगितले जाते, आणि 1770 च्या दशकात तेथेच दारिद्र्यात तिचा अंत झाला. फारिनेल्ली तेव्हा त्याच शहराबाहेर राहत होता.

तिच्या आरियांपर्यंत पोहोचायचे असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, आज अनेक बरोक वाद्यवृंद आधुनिक पट्टीपेक्षा सुमारे अर्धा स्वर खाली वाजवतात, आणि कुत्सोनीसाठी लिहिलेले लांब स्वर त्या खालच्या पट्टीत अधिक निवांत बसतात. ज्या विद्यार्थिनींना ‘पिआन्जेरो’ घशात अडकते, त्यांनी आधी ती पट्टी वापरून पाहावी. दुसरी, पहिला भाग परत येताना गाणारीने स्वतःचे अलंकार घालावेत अशी अपेक्षा असे, पण कुत्सोनीचा नावलौकिक ज्या आरियांवर आहे त्यांत अलंकारांची गर्दी केली तर मूळ रेघच हरवते. ‘ओत्तोने’तील तीन आरियांसाठी हँडेलने स्वहस्ते लिहिलेले अलंकार ऑक्सफर्डमध्ये जपलेले आहेत. ते तिच्यासाठी लिहिलेले नव्हेत असे मानले जाते, तरी त्यांचा संयम पाहण्यासारखा आहे. ऐकण्याची सुरुवात क्लिओपात्रापासून न करता ‘फाल्सा इमाजिने’पासून करावी, ज्यात चेलो आणि हार्पसिकॉर्ड यांखेरीज काही नाही असे ध्वनिमुद्रण निवडावे, आणि पहिला भाग दुसऱ्यांदा येतो तेव्हा गाणारी लांब स्वर सुरू करून तो कोठपर्यंत वाढवते आणि कोठून उतरवू लागते याकडेच कान द्यावा.